कोलिब्रीच्या पोटात काय जातं, काय मागे राहतं : धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचं प्रकरण

मुख्याध्यापकांनी ड्रॉवरमधून ३२ जीबीचा पेनड्राइव्ह काढला, शर्टाला पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. ‘सगळं आहे यात. आता हे त्या डब्यात टाका, म्हणजे झालं.’ डबा म्हणजे आम्ही नेलेला रास्पबेरी पाय : तळहाताएवढा संगणक, त्यावर कोलिब्री, आणि त्याच्याच वायफायला जोडायला बारा टॅबलेट. पेनड्राइव्हमधला पहिला फोल्डर होता ‘सर्व नवीन’. त्याच्या आत ‘सर्व नवीन २’. त्याच्या आत ‘नवीन यातलेच घ्या’.

गाव धडगाव तालुक्यातलं, सातपुड्याच्या आतलं. मोबाइलला रेंज येते ती वसतिगृहाच्या मागच्या टेकाडावर, तीही संध्याकाळी. पोरांची घरची भाषा पावरी, शाळेची मराठी. शाळेचं नाव इथे देत नाही. त्याने या गोष्टीत फरकही पडत नाही. असे पेनड्राइव्ह मी चार-पाच शाळांत पाहिलेत, फोल्डरच्या नावांसकट.

कोलिब्री ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सॅन दिएगोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात काही जणांनी २०१२ मध्ये खान अकॅडमीचे धडे इंटरनेटशिवाय दाखवणारं ‘केए लाइट’ तयार केलं. त्यातूनच पुढे ‘लर्निंग इक्वालिटी’ ही ना-नफा संस्था उभी राहिली आणि २०१७ मध्ये तिचं नवं सॉफ्टवेअर आलं, ते कोलिब्री. मोफत, मुक्त परवान्याचं, पडद्यावरची बटणं-सूचना मराठीतही. एका संगणकावर बसवायचं, बाकीच्या यंत्रांनी ब्राउझरमधून ते उघडायचं. आपलं स्वतःचं साहित्य त्यात घालायचं असेल तर आधी ‘कोलिब्री स्टुडिओ’ या संकेतस्थळावर चॅनल, म्हणजे साहित्याचा संच, बांधावं लागतं. चॅनल प्रकाशित केलं की पाच-पाच अक्षरांचा टोकन मिळतो, आणि तो टाकून चॅनल आपल्या यंत्रावर उतरवून घेता येतं. म्हणजे इंटरनेट लागतं, पण तेवढ्यापुरतंच, आणि शाळेत नाही. आम्ही ते काम घाट उतरून शहाद्याला येऊन केलं.

स्टुडिओ काय घेतो त्याची यादी छोटी आहे. चित्रफीत एमपी४ किंवा वेबएम. आवाज एमपी३. वाचायला पीडीएफ आणि ईपब. हलतं-बोलतं काही असेल तर एचटीएमएल५ची झिप किंवा एच५पी. चित्रफितीखालच्या ओळींसाठी व्हीटीटी. आणि स्टुडिओतच बसून लिहायचे स्वाध्याय. यादी पाहून मी पहिल्या दिवशी वहीत दोन रकाने आखले : ‘चालतं’, ‘चालत नाही’. हे रकाने चुकीचे होते हे कळायला मला दोन महिने लागले.

आधी जे बाद झालं ते. फ्लॅशच्या फायली सुमारे चाळीस, कुठल्याशा जुन्या सीडीवरून उतरवलेल्या. अ‍ॅडोबीने फ्लॅशला ३१ डिसेंबर २०२० रोजी मूठमाती दिली, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता. एका शिक्षकांचा पचनसंस्थेच्या फाइलवर फार जीव. घास अन्ननलिकेतून उतरताना ‘गुडुक’ असा आवाज यायचा म्हणे. ती गेली. एव्हीआय आणि थ्रीजीपी चित्रफिती बदलून घेता येतात, तशा घेतल्या. पॉवरपॉइंट थेट जात नाही, पीडीएफ करावं लागतं, आणि त्यात एक गंमत होते. सामान्यज्ञानाच्या एका पीपीटीत प्रश्न आधी यायचा, टिचकी मारली की उत्तर. पीडीएफ केल्यावर प्रश्न-उत्तर दोन्ही एकाच पानावर, शेजारी शेजारी. साठ प्रश्नांची प्रश्नमंजूषा क्षणात साठ विधानांची झाली. प्रत्येक पानाची दोन पानं करत बसलो.

आता एमपी४. इथे मी तोंडावर आपटलो. गणिताच्या मॅडमनी अपूर्णांकावर चार पाठ मोबाइलवर चित्रित केलेले. फळा, खडू, मागे कोंबड्याचा आवाज, उत्तम पाठ. फायलींना शेपूट एमपी४चं, माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालत होते, म्हणून ‘चालतं’ या रकान्यात. शाळेत टॅबलेटवर लावले तर त्यातले दोन पाठ बारापैकी सात टॅबलेटवर काळेच. आवाज येतोय, ‘छेद म्हणजे एकूण किती समान भाग’ हे ऐकू येतंय, चित्र नाही.

कारण असं की एमपी४ हा नुसता डबा. आत भाजी कुठली ते डब्यावरून कळत नाही. मॅडमच्या मोबाइलमध्ये जागा वाचवण्याची सोय मध्येच कधीतरी चालू झालेली, त्यामुळे शेवटचे दोन पाठ एच.२६५ या नव्या पद्धतीने दाबले गेले होते. माझ्या लॅपटॉपवर व्हीएलसी हा प्लेअर. व्हीएलसीला काहीही वाढा, तो जेवतो. ब्राउझर मात्र सोवळ्यातला : एच.२६४ असेल तर कुठेही चालवेल, एच.२६५ असेल तर यंत्रातल्या चिपवर अवलंबून. आणि कोलिब्री मध्ये पडून काही बदलत नाही. जशी फाइल दिली तशी ती समोर ठेवतं. तेव्हापासून कुठलीही चित्रफीत मी सगळ्यांत स्वस्त टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये टाकून बघतो. लॅपटॉपवर चालली याला काही अर्थ नसतो.

वजनाचंही असंच. मोबाइल १०८० पिक्सेलवर नेहमीच्या पद्धतीने चित्रण करतो तेव्हा सेकंदाला साधारण १७ मेगाबिट लिहितो. अकरा मिनिटांचा पाठ म्हणजे जवळपास १.४ जीबी. स्टुडिओत फुकट खात्याला मिळणारी जागा ५०० एमबी. एक पाठसुद्धा मावत नाही. आणि समजा मावला, तरी बारा पोरांनी एकदम लावला तर त्या डब्याच्या वायफायने सेकंदाला दोनशे मेगाबिट ओतायला हवेत. ते त्याच्या बापाला जमणार नाही. एफएफएमपेग या मोफत साधनाने ४८० पिक्सेलवर आणून एच.२६४मध्ये बसवल्यावर तोच पाठ ४० एमबीच्या आसपास आला. फळ्यावरचं अक्षर वाचता येतं का एवढंच पाहायचं होतं. येत होतं. फक्त एका पाठात मॅडमनी पिवळा खडू वापरलेला, तो पुसट झाला. तो पाठ त्यांनी पुन्हा घेतला.

पीडीएफबद्दल सगळ्यांना वाटतं की यात काय बिघडणार. दोन गोष्टी बिघडतात. एक, ए४चं पान सात-आठ इंची पडद्यावर. पोरगं दोन बोटांनी पान मोठं करतं, ओळ वाचतं, मग पुढच्या ओळीच्या शोधात पान सरकवतं आणि हरवतं. ईपबमध्ये मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार ओघळतो, अक्षरही मोठं करता येतं, म्हणून गोष्टींसाठी ईपबच घ्यायचं ठरवलं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मोकळ्या परवान्याखाली आहेत, त्या तशाच घेता आल्या. स्टुडिओ प्रत्येक फाइलचा परवाना विचारतो. मुख्याध्यापकांना ही कटकट वाटली. मला ती बरी वाटते, कारण ‘सर्व नवीन २’मध्ये दोन गाइडं चक्क स्कॅन करून ठेवलेली होती. ती घेतली नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्या मराठीची खास. शाळेतल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं टाइप केलेले कागद होते : कृतिपत्रिका, म्हणी, शब्दार्थ, खरोखर चांगलं काम. पण ते डीव्हीबी-टीटी सुरेख नाहीतर श्रीलिपीमध्ये टाइप केलेले, युनिकोड यायच्या आधीच्या सवयीने. अशा टंकात संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतंच. रोमन अक्षरांवर मराठी मुखवटा चढवलेला असतो. पीडीएफ करताना टंक आत बसवला तर मुखवटा टिकतो, डोळ्याला ठीक दिसतं. पण त्याचं ईपब करायला घेतलं की मुखवटा गळतो आणि खालची रोमन अक्षरं वर येतात. सुरेखमध्ये तर प्रत्येक कान्याच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ घेतलेला ई. ‘शिक्षण’ शब्द फ्रेंच मेनूकार्डासारखा दिसायला लागला. मॅडम म्हणाल्या, ‘सर, हे काय, व्हायरस आला का?’

टंक बदलून देणारी रूपांतरकं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार यांत ती मार खातात. ‘सूर्य’चं ‘सूय’ होतं. सव्वाशे पानं रूपांतर करून मग दोघांनी बसून वाचली आणि सुधारली, त्यात दिवाळीच्या सुट्टीचे आठ दिवस गेले. ज्या कागदांत तक्ते आणि आकृत्या जास्त, ते पीडीएफच ठेवले.

एचटीएमएल५ची झिप ही मला सगळ्यांत आवडती आणि सगळ्यांत दगा देणारी वस्तू. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या संकेतस्थळावर विज्ञानाची प्रतिरूपं आहेत, त्यांतली बरीचशी मराठीतही. बॅटरी, वायर, बल्ब जोडून विद्युत परिपथ बनवायचं प्रतिरूप उतरवून घेतलं. फेटची फाइल एकटी असते. चित्रं, आवाज, मजकूर सगळं त्या एकाच एचटीएमएलमध्ये कोंबलेलं. तिला ‘इंडेक्स’ नाव दिलं, झिप केलं, चाललं. टॅबलेटला धाप लागत होती, पण बल्ब पेटत होता.

तेवढ्यावर फुशारून मी एका ओळखीच्या विद्यार्थ्याने बनवलेला पाढ्यांचा खेळ घेतला. पहिल्यांदा पांढरा पडदा, कारण मी फोल्डर झिप केला होता. इंडेक्स फाइल झिपच्या अगदी वरच्या थराला हवी, फोल्डरच्या पोटात नको. ते दुरुस्त केलं तर खेळ आला, चित्रं आली नाहीत. एका फाइलचं शेपूट मोठ्या लिपीतलं जेपीजी, कोडमध्ये लहान लिपीतलं. विंडोज असल्या गोष्टी पोटात घालतं, झिपमधून वाचणारं कोलिब्री घालत नाही. शेवटी चित्रंही आली, पण आवाज नाही. आवाज इंटरनेटवरच्या कुठल्यातरी सर्व्हरवरून येत होता, हे खुद्द बनवणाऱ्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या घरी नेट कधी जातच नाही. आता मी अशी कुठलीही झिप घेण्याआधी लॅपटॉपचं वायफाय बंद करतो, ब्राउझरची जुनी साठवण पुसतो आणि मग उघडतो. एवढी एक चाचणी आधी केली असती तर तीन फेऱ्या वाचल्या असत्या, आणि शहादा-धडगाव घाटातली एक फेरी म्हणजे कमरेची वाट.

मुख्याध्यापकांना विकिपीडिया हवा होता. त्यासाठी त्याच डब्यात कोलिब्रीच्या शेजारी किविक्स हे इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलं आणि त्याच्या झिम स्वरूपातला मराठी विकिपीडिया दिला. दोन दारं झाली, पोरांना फरक पडला नाही.

सगळं बांधून झाल्यावर चॅनल पेनड्राइव्हवर निर्यात करून शाळेत आणलं. मुख्याध्यापकांनी सवयीने तो आधी स्वतःच्या संगणकाला लावला आणि मला हाक मारली. आत ‘कोलिब्री डेटा’ नावाचा फोल्डर, त्याच्या आत एकेका अक्षराचे फोल्डर, आणि फायलींची नावं म्हणजे बत्तीस अक्षरा-आकड्यांची माळ. ‘अहो, माझे व्हिडिओ कुठे गेले?’ कोलिब्री फाइलला नाव देतं ते तिच्या मजकुरावरून काढलेल्या छापाचं, आपण दिलेलं नाही. फायदा असा की एकच फाइल तीन धड्यांत जोडली तरी ती जागा एकदाच घेते. ‘नवीन यातलेच घ्या’मध्ये एकच प्रार्थना पाच वेळा होती, ती एकदाच मोजली गेली. सरांना मात्र ते काही पटलं नाही. त्यांनी जुना पेनड्राइव्ह परत ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि ते बरोबरच केलं.

## पिवळ्या चांदण्या

दोन महिन्यांनी गेलो तेव्हा शाळा खूश. सहावीच्या वर्गाचा अहवाल उघडला तर अपूर्णांकाच्या चारही चित्रफितींपुढे जवळजवळ सगळ्या पोरांच्या नावावर ‘पूर्ण’ची चांदणी. मुख्याध्यापकांनी त्याचा फोटो काढून वर पाठवायचं ठरवलं होतं. मॅडम गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘सर, वहीत तर काही दिसत नाही.’

मग वर्गात बसून पाहिलं. मागच्या बाकावर दोघं जण टॅबलेट उभा करून पाठ लावून ठेवत होते आणि खाली गोट्या मोजत होते. फसवाफसवी वगैरे नाही; त्यांना तो पाठ पाठ झाला होता, कोंबडा कुठे आरवतो तेही माहीत होतं. कोलिब्रीच्या लेखी चित्रफीत किती वेळ चालली हे महत्त्वाचं. पीडीएफची किती पानं उलटली. झिप किती वेळ उघडी होती. यापुढचं काही त्याला कळायचा मार्गच नाही, कारण त्या फायलींत पोराने काही म्हणायची जागा नाही. ती जागा आहे ती फक्त स्वाध्यायात, आणि स्वाध्याय आमच्या चॅनलमध्ये एकही नव्हता. पेनड्राइव्हमध्येच नव्हता, तर येणार कुठून? माझ्या दोन रकान्यांत ‘चालतं’ खाली साठ-सत्तर वस्तू होत्या आणि त्या सगळ्या एकाच बाजूने बोलणाऱ्या.

त्या रात्री मॅडम आणि मी वसतिगृहाच्या जेवणघरात बसलो. स्टुडिओला इंटरनेट हवं, म्हणून प्रश्न आधी वहीत लिहिले. पहिला प्रश्न मॅडमनी लिहिला : १/३ आणि १/४ यांतला मोठा कोणता? मी म्हटलं ठीक. भांडी आवरत असलेल्या स्वयंपाकाच्या मावशी ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, काय वाटून राहिले? सांगितल्यावर त्यांनी उरलेल्या दोन भाकरी आणल्या, एकीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार, आणि ताटात ठेवल्या. आम्ही मोबाइलवर फोटो काढला. फोटो ४ एमबीचा होता, तो शंभर केबीवर आणून प्रश्नात घातला : कोणत्या भाकरीचा तुकडा मोठा?

दोन्ही प्रश्न एकाच स्वाध्यायात, पण मुद्दाम लांब लांब ठेवले. उत्तरं पर्यायातून निवडायची. आकडा टाइप करून द्यायचे प्रश्न टाळले, कारण पुस्तकात देवनागरी अंक, कीबोर्डवर कधी हे तर कधी ते, आणि पोराला गणित येत असून अंकावरून चूक मिळायला नको होती. पास व्हायची अट ‘मागच्या पाचांपैकी तीन बरोबर’ अशी ठेवली. स्टुडिओत ‘सलग दहा बरोबर’ अशीही अट ठेवता येते. ती लावली असती तर दहाव्यावर घसरलेलं पोरगं पुन्हा कशाला येतंय.

पुढच्या फेरीत अहवाल पाहिला. प्रश्नागणिक चुका दाखवणारा भाग त्यात असतो, तो मॅडमनी स्वतः उघडला. भाकरीचा प्रश्न बहुतेकांना बरोबर. १/३ आणि १/४चा प्रश्न त्यांच्यापैकीच निम्म्याअधिक पोरांना चूक, आणि सगळ्यांची चूक एकच : चार तिनापेक्षा मोठा, म्हणून १/४ मोठा. ‘म्हणजे भाकर कळली, छेद नाही कळला,’ मॅडम म्हणाल्या. त्यांच्याच पाठात ‘छेद म्हणजे एकूण किती समान भाग’ हे वाक्य चार वेळा होतं. त्यांनी पाचवा पाठ घेतला, साडेतीन मिनिटांचा, ताटातल्या भाकरीपासून सुरू होऊन फळ्यावरच्या आकड्यापर्यंत जाणारा. फार साधा. पोरांना तो आवडला की नाही हे मला माहीत नाही, पण स्वाध्यायात त्या प्रश्नावरचं लाल कमी झालं.

एच५पी वापरून चित्रफितीच्या मध्येच प्रश्न थांबवून विचारता येतो. आम्ही एक करून पाहिला. सुंदर झाला, आणि करायला दोन दिवस लागले. मॅडमकडे दोन दिवस नसतात. अधीक्षकांची रजा असली की वसतिगृहाची हजेरीही त्यांच्याकडेच येते. साधा स्वाध्याय त्या एका संध्याकाळी वहीत लिहितात आणि महिन्यातून एकदा शहाद्याला आल्या की स्टुडिओत चढवतात. तेच चालू ठेवलं.

## गोष्ट

एक वस्तू राहिली. पेनड्राइव्हच्या तळाशी व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले सात आवाज होते, ओपस स्वरूपातले. मराठीच्या गुरुजींनी गावातल्या एका म्हाताऱ्या आजीकडून पावरीत सांगून घेतलेल्या गोष्टी. मध्ये मध्ये शेळी ओरडते, आजी तिला पावरीत काहीतरी बोलते आणि पुन्हा गोष्टीवर येते. ओपस स्टुडिओ घेत नाही, म्हणून एमपी३ केलं. बारा मिनिटांची गोष्ट सहा एमबीपेक्षा कमी. चित्रफितींच्या मानाने अगदी हलकी वस्तू. शेळी मी कापून टाकणार होतो, गुरुजी म्हणाले राहू द्या.

मागच्या खेपेला अहवालात पाहिलं तर त्या सात फायलींवरचा वेळ बाकी सगळ्यापेक्षा जास्त. रात्री वसतिगृहात टॅबलेट मध्ये ठेवून खोलीतली सगळी पोरं ऐकतात, त्यामुळे वेळ एकाच्याच नावावर चढतो. तो मुलगा चौथीतला. त्याचं नाव अहवालात सगळ्यांत वर आहे आणि त्याला ते माहीत नाही.

मुख्याध्यापकांनी विचारलं, आता या गोष्टींनाही स्वाध्याय जोडायचा का, पाच-पाच प्रश्न? मॅडमनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, ‘नको सर. आजीने विचारले असते तर गोष्ट वेगळी.’